प्रवास खरा, पावती खरी. कारण मात्र खोटे

सरकारी प्रवासखर्चातील गैरव्यवहार रोखण्यासाठी कार्ड हे उपयुक्त साधन आहे. पण दौरा मंजूर करणाऱ्या सहीची जागा ते घेऊ शकत नाही.

जयपूरच्या आग्नेयेकडील टेकड्यांच्या पायथ्याशी झालाना नावाचा परिसर आहे. पर्यटकांना तो बिबट्यांच्या सफारीमुळे ठाऊक असतो. जयपूरकरांसाठी मात्र तो कार्यालयांचा परिसर आहे. दूरदर्शन केंद्र, हिंदी ग्रंथ अकादमी आणि इतर सरकारी, निमसरकारी संस्था तिथे आहेत. राजस्थानच्या भ्रष्टाचार निरोधक ब्युरोचे मुख्यालयही तिथेच आहे. वृत्तपत्रांत 'झालाना' हा शब्द बहुतेक वेळा याच मुख्यालयाच्या संदर्भात येतो. १०६४ या क्रमांकावर कोणी तक्रार करतो, पथक सापळा लावते, फिनॉल्फ्थॅलिन लावलेल्या नोटा हाती घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात गुलाबी होतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. महाराष्ट्रातील वाचकांना हे दृश्य परके नाही. तिथल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांकही १०६४ हाच आहे.

सरकारी पैशाच्या गैरवापराचा एक मोठा प्रकार मात्र अशा मुख्यालयांच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतो. तो म्हणजे प्रवासखर्चाचे खोटे देयक. लाच मागितली की समोर एक पीडित नागरिक असतो. त्याची जमीन, परवाना किंवा बिल अडलेले असते, म्हणून तो तक्रार करतो. खोट्या प्रवासभत्त्याने कोणाही एका माणसाचे काही अडत नाही. प्रवास करणारा समाधानी असतो, तिकीट देणारा दलाल समाधानी असतो, हॉटेलवाला समाधानी असतो. नुकसान होते ते तिजोरीचे, आणि तिजोरी फोन करत नाही. एकेका देयकाची रक्कमही इतकी लहान असते की त्यासाठी पोलिसी तपास करणे चोरीपेक्षा महाग पडावे. म्हणून या क्षेत्रात गुन्हा घडल्यानंतर पकडण्यापेक्षा तो घडू न देणे, हाच खरा उपाय ठरतो.

त्या प्रतिबंधासाठी सध्या सुचवला जाणारा उपाय म्हणजे कार्ड. सार्वजनिक उपक्रम आणि बँकांतील वरिष्ठांकडे अशी कार्डे असतातच. अमेरिकेसारख्या देशांत सरकारी कर्मचाऱ्यांना प्रवासासाठी स्वतंत्र कार्ड देण्याची व्यवस्था अनेक वर्षे चालू आहे. रोख अग्रिम नको, कागदी पावत्या नकोत, प्रत्येक खर्चाची नोंद आपोआप होईल आणि गैरव्यवहाराला जागाच उरणार नाही, असे त्यामागचे गृहीतक आहे. ते अर्धे खरे आहे. उरलेला अर्धा भाग समजून न घेता कार्डे वाटली, तर आज जो गैरव्यवहार कागदावर होतो तो उद्या अधिक स्वच्छ नोंदींसह होईल.

खोट्याचे तीन प्रकार

प्रवासखर्चाची देयके तपासण्यात ज्याची काही वर्षे गेली आहेत, त्याला लबाडीचे तीन प्रकार लवकरच ओळखता येतात.

पहिला प्रकार सरळ आहे: प्रवास झालाच नाही, पावती मात्र जोडली आहे. दुसऱ्या प्रकारात प्रवास झाला, पण पावती फुगवलेली आहे. प्रत्यक्ष भाडे कमी आणि तिकिटावरील भाडे जास्त, किंवा तिकिटाच्या रकमेत दलालाने हॉटेल आणि सहलीचा खर्च मिसळलेला. तिसरा प्रकार सर्वांत कठीण. प्रवास झाला, पावतीही अस्सल आहे, पण सरकारी काम हे निमित्त आहे. शुक्रवारी निघून सोमवारी परतणारे दौरे, मुलाच्या महाविद्यालयाच्या शहरात दर सत्रारंभी होणाऱ्या बैठका, नातेवाइकांच्या लग्नाच्या तारखांशी जुळणाऱ्या तपासण्या. अशा देयकात लेखापरीक्षकाला एकही त्रुटी सापडत नाही, कारण कागदात त्रुटी नसतेच.

कार्डाने पहिला प्रकार जवळजवळ बंद होतो. दुसरा पुष्कळसा आटोक्यात येतो. तिसऱ्याला मात्र ते हातही लावू शकत नाही. शिवाय कार्ड स्वतःबरोबर काही नवे प्रकारही घेऊन येते. त्यांचा विचार पुढे करू.

पहिल्या प्रकाराचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे राज्यसभा सदस्यांच्या प्रवासदेयकांचे प्रकरण. २०१३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने या देयकांचा तपास हाती घेतला आणि पुढच्या वर्षी अनेक आजी-माजी सदस्यांविरुद्ध गुन्हे नोंदवले. त्यांपैकी बिहारमधून राज्यसभेवर गेलेले अनिल सहनी यांना २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा सुनावली. प्रत्यक्ष प्रवास न करता बनावट ई-तिकिटे आणि बोर्डिंग पास सादर करून खर्चाची प्रतिपूर्ती मागितल्याचा तो आरोप होता. तोवर ते बिहार विधानसभेचे सदस्य झाले होते. शिक्षेमुळे ते सदस्यत्व गेले. तपासापासून शिक्षेपर्यंत सुमारे नऊ वर्षे लागली. विमान कंपनीच्या प्रवासीयादीशी देयक ताडून पाहायला तेव्हाही काही मिनिटेच लागली असती. ती पडताळणी देयक मंजूर होताना झाली असती, तर नऊ वर्षांच्या तपासाची गरजच पडली नसती.

दुसऱ्या प्रकाराला आपल्या धोरणानेच खतपाणी घातले. जुलै २००९ मध्ये काटकसरीचा भाग म्हणून केंद्र सरकारने सरकारी खर्चाचा विमानप्रवास एअर इंडियानेच करण्याचे बंधन घातले. रजा प्रवास सवलतीसाठी 'एलटीसी-८०' नावाचा वेगळा भाडेदर होता. तो अनेकदा बाजारातील स्वस्त तिकिटापेक्षा पुष्कळ जास्त असे. पुढे जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि अंदमानसाठी विमानप्रवासाची खास मुभा मिळाली. नियमात मान्य असलेले भाडे आणि बाजारातील भाडे यांत जिथे मोठे अंतर असते, तिथे ते वाटून घ्यायला दलाल येतोच. तसा तो आला. तिकिटाच्या मान्य किमतीत हॉटेल, गाडी आणि भोजन 'मोफत' देणाऱ्या सहली विकल्या गेल्या. अनेक कर्मचाऱ्यांना आपण गैर करतो आहोत याची जाणीवही नव्हती. दलाल सांगतो ते नियमात बसते, एवढेच त्यांना ठाऊक होते. चौकशा सुरू झाल्या तेव्हा फास त्यांच्याच गळ्याशी आला. दलाल दुसऱ्या नावाने दुकान उघडून बसले.

तिसऱ्या प्रकाराच्या शेजारचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयात गेले. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी रजा प्रवास सवलतीत दिल्लीहून मदुराई गाठले, पण वाटेत कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशी फेरी घेतली. प्रवास खरा होता, तिकिटे खरी होती, बँकेला मार्गही माहीत होता. प्रश्न फौजदारी नव्हता; या रकमेवर करसवलत मिळते का आणि बँकेने कर कापायला हवा होता का, एवढाच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की ही सवलत भारतातील प्रवासासाठी आहे, परदेशातून वळसा घालून केलेल्या सहलीसाठी नाही, आणि बँकेने कर कापायला हवा होता. देणाऱ्याला सर्व काही दिसत असूनही त्याने प्रश्न विचारला नाही, हा त्या प्रकरणाचा खरा धडा आहे. माहिती असणे आणि देखरेख असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुधारणा झाल्या, पण कुठे?

गेल्या काही वर्षांत केंद्राने केलेल्या सुधारणा कमी महत्त्वाच्या नाहीत. एअर इंडियाचे खासगीकरण होताना, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अर्थ मंत्रालयाने सर्व खात्यांना कंपनीची थकबाकी तातडीने चुकती करण्यास आणि पुढील तिकिटे रोखीने घेण्यास सांगितले. सरकारी खाती विमान कंपनीकडून किती काळ उधारीवर तिकिटे घेत होती, हे त्या एका आदेशातून उघड झाले. जून २०२२ मध्ये नवे निर्देश आले. विमान तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच संस्थांकडून घ्यायची. शक्यतो २१ दिवस आधी घ्यायची. तीन तासांच्या वेळपट्टीत उपलब्ध असलेले सर्वांत स्वस्त भाडे निवडायचे. एका टप्प्यासाठी एकच तिकीट काढायचे. प्रवासाच्या ७२ तासांच्या आत काढलेल्या किंवा २४ तासांच्या आत रद्द केलेल्या तिकिटाचे कारण लेखी द्यायचे. मार्च २०२२ पासून केंद्रात ई-बिल प्रणालीही सुरू झाली. राजस्थानात पे-मॅनेजर आणि महाराष्ट्रात सेवार्थ या प्रणालींमुळे वेतनाची देयके संगणकावर आली आहेत.

या सर्व सुधारणांचा रोख तिकिटावर आहे. भाडे योग्य आहे का, दलाल अधिकृत आहे का, तारीख जुळते का, हे त्या विचारतात. हा प्रवास का केला, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. कार्ड आले तरी तो बाहेरच राहील.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने सरकारी प्रवासासाठी कार्डाचा वापर सक्तीचा झाला. कार्ड कर्मचाऱ्याच्या नावावर असते. बँकेचे देणे त्याने भागवायचे आणि कार्यालयाने त्याला त्या खर्चाची प्रतिपूर्ती करायची, अशी मुख्य रचना आहे. मोठ्या खर्चासाठी, विशेषतः विमान तिकिटांसाठी, कार्यालयाच्या नावाची वेगळी खातीही असतात.

त्या देशाच्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल जगभर गाजला. जुलै २०१३ ते जून २०१४ या एका वर्षात कर्मचाऱ्यांनी सरकारी प्रवास कार्डावर जुगारघरांत सुमारे ९ लाख ५२ हजार डॉलर आणि प्रौढ मनोरंजनाच्या ठिकाणी सुमारे ९६ हजार डॉलर खर्च केल्याचे त्यात आढळले. बातमी चटकदार होती. पण ही खाती कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक जबाबदारीवरची होती. ती सगळी रक्कम तिजोरीतून गेली, असा त्याचा अर्थ नव्हता.

त्याआधी, २००४ मध्ये, अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच खात्याविषयी दिलेल्या दुसऱ्या निष्कर्षाची इतकी चर्चा झाली नाही. दोन वर्षांत खात्याने पैसे भरलेली, पण पूर्णपणे किंवा अंशतः न वापरलेली सुमारे ५८ हजार तिकिटे सापडली. त्यांची किंमत २ कोटी १० लाख डॉलरच्या घरात होती. ती परत करून पैसे मिळाले असते. कोणी मागितलेच नाहीत. १९९७ पासूनचे असे नुकसान किमान दहा कोटी डॉलर असावे, असा अंदाज त्या कार्यालयाने दिला. आणखी एका तपासणीत, ज्या तिकिटांचे पैसे खात्याने थेट भरले होते, त्यांचीच प्रतिपूर्ती कर्मचाऱ्यांनाही दिल्याचे आढळले. ती रक्कम ८० लाख डॉलरहून अधिक होती.

हे आकडे वेगवेगळ्या काळांतील आहेत, तरी त्यांचे प्रमाण बोलके आहे. जुगारघराच्या बातमीमागे दहा लाख डॉलर होते. ज्यात कोणीही बदनाम झाले नाही, त्या निष्काळजीपणामागे दहा कोटी. यंत्रणा प्रत्येक व्यवहार टिपत होती. मात्र तिकीट घेतल्याची नोंद एका खात्यात, प्रवास झाल्याची दुसऱ्यात आणि प्रतिपूर्तीची तिसऱ्यात होती. त्या तिन्ही शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

२०१२ मध्ये अमेरिकेने सरकारी कार्डांच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक कार्डधारकाची नोंद, न वापरलेल्या तिकिटांचा परतावा वसूल करणे, नोकरी सोडताच कार्ड रद्द करणे, कार्डधारक आणि मंजुरी देणारे अशा दोघांना प्रशिक्षण, आणि महानिरीक्षकांकडून नियमित जोखीम तपासणी, अशा त्याच्या तरतुदी आहेत. तरीही २०१५ चा अहवाल आला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने बहुतांश सरकारी कार्डे ३० दिवसांसाठी गोठवण्यात आली. काही अपवाद होते, तरी अनेक कार्यालयांत साध्या खरेदीचाही खोळंबा झाला. देखरेखीत सातत्य नसले की शेवटी सरसकट बंदीचा मोह होतो, आणि बंदीचा त्रास लबाडापेक्षा प्रामाणिकाला अधिक होतो.

स्वीडनचा अनुभव निराळा. १९९५ मध्ये उपपंतप्रधान मोना सालिन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. त्या खरेदीतील चॉकलेटच्या नावानेच ते प्रकरण ओळखले जाते. रक्कम क्षुल्लक होती, ती त्यांनी परतही केली. पण पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना माघार घ्यावी लागली. सरकारी कागद पाहण्याचा नागरिकांचा हक्क ज्या देशात १७६६ पासून आहे, तिथे कार्डाचा हिशेब फक्त लेखापालापुरता राहत नाही.

दरकदारांची सही

हा प्रश्न नवा नाही. कौटिल्याने राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजले होते. त्यांतील बरेचसे आजच्या लेखापरीक्षण अहवालात ओळखू येतील. मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण पेशवाईतील दरकदारांचे आहे. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे अधिकारी असत. त्यांची नेमणूक मामलेदार करत नसे आणि त्यांना काढूही शकत नसे. खर्चाचा अंदाज आधी हुजुरातून ठरून येई आणि हिशेब त्यांच्या सह्यांशिवाय पुढे जात नसे. खर्च करणारा, नोंद ठेवणारा आणि पैसा सांभाळणारा अशा तीन माणसांची निष्ठा एकाच वरिष्ठाला बांधलेली नव्हती. आधुनिक वित्तीय नियंत्रणाचे तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. हिशेबात न दिसणाऱ्या 'अंतस्थ' रकमा तेव्हाही होत्या. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. ठरलेली रक्कम भरा, बाकी विचारणार नाही, असा करार झाला आणि दरकदारांच्या सहीला अर्थच उरला नाही. पदे आणि दप्तरे होती तशीच राहिली. हुजुराने त्यांच्या आधारे प्रश्न विचारणे तेवढे सोडून दिले.

आज ती जागा नियंत्रक अधिकाऱ्याची आणि आहरण व संवितरण अधिकाऱ्याची आहे. नियमांनुसार नियंत्रक अधिकाऱ्याने दौरा आवश्यक होता का, मुक्काम गरजेपेक्षा लांबला का, हे पाहायचे असते. प्रत्यक्षात देयकांचा गठ्ठा महिनाअखेरीस येतो आणि कनिष्ठ लिपिकाने पेन्सिलीने केलेल्या खुणेखाली सही होते. वरिष्ठाच्या दौऱ्याचे देयक असेल तर खूणही होत नाही. हे संगणकावरही तसेच घडते. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख रुपये काढल्याचा जो प्रकार डिसेंबर २०२४ मध्ये उघडकीस आला, तो प्रवासाशी संबंधित नव्हता. पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. कंत्राटी लिपिकाने बँकेला बनावट पत्र देऊन खात्याशी जोडलेला ई-मेल पत्ता बदलला आणि नेटबँकिंग आपल्या हाती घेतले, असा तपासातील आरोप आहे. खाते अधिकाऱ्यांच्या सहीचे होते. कित्येक महिने कोणी ते उघडून पाहिले नाही.

कोणावर संशय, कोणावर विश्वास

या चर्चेत एक घटक नेहमी दुर्लक्षित राहतो: स्वतःच्या खिशातून प्रवास करणारा कनिष्ठ कर्मचारी. मी एका जिल्हा कार्यालयात असताना एका वाहनचालकाचे रात्रीच्या मुक्कामाचे देयक तीनदा परत आल्याचे पाहिले आहे. कारण बसच्या तिकिटावरील शाई उडाली होती. त्या कागदावरची छपाई काही आठवड्यांतच फिकी पडते, हे सर्वांना माहीत होते. तरी नियम म्हणजे नियम. रक्कम दोन हजारांच्या आत होती. त्याच गठ्ठ्यात एका वरिष्ठाचे चार दिवसांच्या 'समन्वय बैठकी'चे देयक होते. बैठक दोन तासांची होती. त्याला एकही हरकत लागली नव्हती, कारण हॉटेलची पावती छापील, ठसठशीत आणि नियमाच्या मर्यादेत होती.

सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ मध्ये, केंद्राने याबाबत एक शहाणा निर्णय घेतला. वेतनस्तर ८ आणि त्याखालील कर्मचाऱ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत निवास, भोजन आणि स्थानिक प्रवासाचा खर्च पावतीशिवाय, स्वतःच्या प्रमाणपत्रावर मिळू लागला. यामुळे लबाडी वाढेल अशी भीती व्यक्त झाली. पण हिशेब साधा आहे. स्तर ५ आणि त्याखालील कर्मचाऱ्याची निवासाची मर्यादा तेव्हा दिवसाला ४५० रुपये होती, तर स्तर १४ आणि त्यावरील अधिकाऱ्याची ७,५०० रुपये. जिथे जास्तीत जास्त नुकसानच काही शे रुपयांचे आहे, तिथे प्रत्येक पावती तपासण्यावर खर्च होणारा मनुष्यतास अधिक महाग आहे. ती ताकद वरच्या स्तरावरील देयकांकडे वळवायला हवी.

मग कार्ड द्यावे की नाही? द्यावे, पण त्याने नेमके काय साधायचे हे आधी ठरवून. काही गोष्टी स्पष्ट आहेत.

तिकिटांचे पैसे सरकारने थेट भरावेत. कार्ड निवास आणि स्थानिक खर्चापुरते असावे. दौरा मंजूर झाल्यावर त्या तारखांसाठीच ते सुरू व्हावे आणि परतल्यावर आपोआप बंद व्हावे. रोख काढण्याची सोय नसावी. कोणत्या प्रकारच्या दुकानांत ते चालेल, हे बँकेला आधीच ठरवून देता येते. ती मर्यादा घालावी. बदली, प्रतिनियुक्ती आणि निवृत्तीच्या दिवशी कार्यमुक्तीच्या आदेशाबरोबरच कार्ड रद्द व्हावे.

बँकेचे देणे अमेरिकेप्रमाणे कर्मचाऱ्याच्या गळ्यात बांधू नये. आपल्याकडे प्रतिपूर्तीला किती महिने लागू शकतात, हे कोणत्याही कोषागारात विचारावे. केंद्राने दौऱ्याचे देयक सादर करण्याची मुदत २०१८ मध्ये एक वर्षावरून ६० दिवसांवर आणली; देयक मंजूर करणाऱ्यासाठी तेवढीच कडक मुदत कुठे आहे? मान्य खर्च सरकारने बँकेला थेट द्यावा आणि अमान्य खर्च वेतनातून वसूल करावा. उशिराचे व्याज लागले, तर ते देयक अडवणाऱ्याच्या नावे पडावे.

प्रत्येक कार्यालयाने दर महिन्याला तीन याद्या शेजारी ठेवाव्यात: मंजूर दौरे, भरलेले पैसे आणि प्रत्यक्ष उपस्थिती. घेतलेले पण न वापरलेले तिकीट, थेट भरूनही पुन्हा मागितलेले भाडे, दौऱ्यावर असताना कार्यालयात नोंदलेली हजेरी, हे सारे त्या तीन याद्यांतून दिसते. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, एका माणसाची जबाबदारी ठरवावी लागते. आणि तो माणूस दौरे मंजूर करणाऱ्याच्या हाताखालचा नसावा.

शिक्षेबाबत नवे कायदे करण्याची गरज नाही. केंद्राच्या १९८८ च्या रजा प्रवास सवलत नियमांतील नियम १६ पुरेसा बोलका आहे: खोट्या देयकाबद्दल शिस्तभंगाची कारवाई, तिचा निकाल लागेपर्यंत सवलत स्थगित, आणि दोष सिद्ध झाल्यास पुढच्या दोन सवलती बंद. लहान, निश्चित आणि लवकर मिळणारी शिक्षा ही मोठ्या पण अनिश्चित शिक्षेपेक्षा अधिक धाक निर्माण करते. हाच न्याय कार्डाला लावता येईल.

राहिला तिसरा प्रकार, ज्यात प्रवास आणि पावती दोन्ही खरी असतात. त्यावर जुने औषध आहे. जिल्हा प्रशासनात एकेकाळी फिरती कार्यक्रम आधी मंजूर होई आणि फिरतीची दैनंदिनी नंतर सादर होई. कोणत्या गावी मुक्काम केला, कोणते दप्तर तपासले, काय आढळले, कोणते आदेश दिले, हे तीत लिहावे लागे. वरिष्ठ ती वाचत, समासात शेरे मारत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा जुन्या दैनंदिन्यांतून सबंध तालुका दिसतो. आता दैनंदिनी बहुतेक ठिकाणी देयकाला जोडायचा एक कागद झाली आहे. दौऱ्याचे फलित काय, हे दोन परिच्छेदांत लिहिल्याशिवाय देयक पुढे जाणार नाही, एवढी अट वरच्या स्तरावर घातली, तरी लग्नाच्या तारखांशी जुळणाऱ्या तपासण्या कमी होतील.

आणि ते लिहिलेले लोकांना दिसले पाहिजे. कार्मिक विभागाने सप्टेंबर २०१२ मध्येच माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ अन्वये, मंत्री आणि सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांच्या देशांतर्गत व परदेश दौऱ्यांचा तपशील दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले आहेत. त्यांचे पालन किती होते, हे वाचकाने आपल्या आवडीच्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतःच पाहावे. त्यातच २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) बदलले आणि वैयक्तिक माहितीच्या अपवादाला असलेली त्या उपकलमातील सार्वजनिक हिताची अट काढून टाकली. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताचा मार्ग अजून खुला आहे, पण 'ही वैयक्तिक माहिती आहे' असे सांगून दौऱ्याचा हिशेब नाकारणे आता अधिक सोपे होईल. सरकारी खर्चाने केलेला प्रवास हा वैयक्तिक विषय नाही, हे केंद्राने आणि राज्यांनी स्पष्ट परिपत्रकाने सांगायला हवे.

झालान्यातील ब्युरो असो वा मुंबईतील लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, या संस्था रोग बळावल्यावर उपचार करणाऱ्या आहेत. प्रवासखर्चाच्या बाबतीत आरोग्य जपायचे काम दौरा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर होते. कार्ड त्याच्या हाती अचूक नोंद देईल. ती वाचून 'हा दौरा कशासाठी?' असे आपल्या वरिष्ठालाही विचारता येईल, एवढे संरक्षण त्याला दिले नाही, तर कार्डांवर केलेला खर्च हा प्रवासखर्चातील आणखी एक अनावश्यक खर्च ठरेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)